वरची खाणीकडे, खालची गावाकडे

माझ्या मुलाला वाटत होतं, आपण डोंगर बघायला निघालोय. सुनेला खरं काय ते ठाऊक होतं. आणि मी मागच्या सीटवर काळ्या रंगाचा डबा आणि दोन ब्रश पिशवीत घालून, ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

"बाबा, डावीकडे बघा. काय दरी आहे!" मुलगा म्हणायचा.

"हो, हो," मी म्हणायचो आणि रस्त्याच्या कडेचे दगड बघायचो. ज्याने तीस वर्षं रस्त्याच्या टोळीत काम केलं त्याला दरी दिसत नाही. कडेचे दगड कुणी बसवलेत आणि ते खचलेत का, एवढंच दिसतं.

"संध्याकाळी पाचच्या आत हॉटेलवर पोहोचायचंय," मुलगा दर अर्ध्या तासाने सांगत होता. "सूर्यास्ताची खोली घेतलीय. सूर्य काही आपल्यासाठी थांबणार नाही."

"अहो, रोजच मावळतो तो," सून म्हणाली आणि आरशातून माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. म्हणजे, धीर धरा.

धीर धरायला मला अडतीस वर्षं मिळाली असती, पण त्यातली छत्तीस मला माहीतच नव्हतं की धीर धरायची गरज आहे. झालं होतं ते असं. हाच रस्ता आमच्या टोळीने बांधला. शेवटच्या आठवड्यात मुकादम तापाने फणफणला. दोन पाट्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. तंबूत एकीवर एक ठेवलेल्या. मुकादमाने पांघरुणातून एक बोट बाहेर काढलं आणि म्हणाला, "वरची खाणीकडे, खालची गावाकडे. लक्षात राहील ना रे?"

"राहील," मी म्हणालो.

मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पण लक्षात माझ्या सगळं राहायचं. लिहून ठेवता येत नाही त्याला लक्षात ठेवावंच लागतं. मी वरची पाटी उचलून हातगाडीत ठेवली, मग खालची उचलून तिच्यावर ठेवली, आणि "वरची खाणीकडे, खालची गावाकडे" असं घोकत निघालो. खाणीच्या फाट्याला आलो, हातगाडीतली वरची काढली, अडीच हात खड्डा खणला, दगड ठासून पाटी उभी केली. पुढे सहा किलोमीटर जाऊन गावाच्या तोंडाशी दुसरी उभी केली. वाटेत घासून दोन्ही पाट्यांच्या अक्षरांचा रंग गेला होता, तोही मी डबा उघडून भरला, एकेक रेघ, एकेक वळण. जीभ बाहेर काढून. एवढं नीट काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

पुढे म्हातारपणी सुनेने मनावर घेतलं. "बाबा, रिकामे बसता, चला वही घ्या." स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ती भाजी चिरायची आणि मी क, ख, ग काढायचो. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "तुम्हाला पाठ असलेलं काहीतरी काढा बघू, आपल्या मनाचं." माझ्या हाताला दोनच गोष्टी पाठ होत्या. मी काढल्या.

सुनेने चाकू खाली ठेवून वाचलं. "पुढे रस्ता बंद आहे. हे कुठं पाहिलंत, बाबा?"

"पाहिलं नाही. लावलंय. गावाच्या तोंडाशी."

"आणि हे? शाळा आहे, वाहने सावकाश चालवा?"

"ते खाणीच्या तोंडाशी."

तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं ठसका लागला. हसत होती ती. मग माझा चेहरा बघितला आणि हात खाली घेतला.

हातगाडीत पाट्या उलट्या झाल्या, हे मला त्या क्षणी कळलं. लोक अक्षरं शिकून पोथ्या वाचतात, पेपर वाचतात. मी शिकलो आणि पहिलं वाचलं ते माझंच पाप. त्यानंतर दोन वर्षं मी सुनेच्या मागे लागलो होतो की मला एकदा तिकडे ने. त्या गावाला काय झालं ते बघायचं, आणि हात-पाय चालतायत तोवर पाटी नीट करायची.

खाणीचा फाटा आला. पाटी उभी होती. धुळीने पिवळी, पण सरळ. फाट्यातून दगड भरलेला एक ट्रक बाहेर येत होता, इतका हळू की त्याच्या बाजूने एक कुत्रं चालत होतं ते पुढे गेलं. रस्ता अडला म्हणून आमची गाडी थांबली. मी काच खाली केली.

"काय हो, बिघाड झालाय का?" मी ट्रकवाल्याला विचारलं.

"छे! शाळा आहे ना इथं." त्याने पाटीकडे बोट केलं.

"कुठं आहे शाळा?"

"ते कुणालाच सापडलं नाही अजून," तो म्हणाला. "माझा बाप इथंच ट्रक चालवायचा. तोही शोधायचा. पण म्हणून पोरांच्या जिवाशी खेळायचं का? या खाणीत आजवर एक अपघात नाही, आजोबा. एक नाही!"

मुलगा हसून हसून स्टिअरिंगवर पडला. "काय वेडे लोक आहेत! आणि ती पाटी लावणारा कोण शहाणा असेल?"

सून खिडकीबाहेर बघत राहिली. मी पिशवीचा बंद उगाच सोडला आणि पुन्हा बांधला.

सहा किलोमीटरवर दुसरी पाटी. मुलाने ब्रेक मारला. "पुढे रस्ता बंद. झालं! फोन तर सरळ जा म्हणतोय." तो गाडी मागे घ्यायला लागला.

"पुढे जा," मी म्हणालो.

"बाबा, एवढं स्वच्छ लिहिलंय."

"लिहिलंय ते खोटं आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

"अहो," सून म्हणाली, "त्यांनीच लिहिलंय."

मग सगळं सांगावं लागलं. मुलगा ऐकत होता आणि हळूहळू त्याचं तोंड उघडत होतं. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तो शहाणा…"

"हो, तुझा बाप. चल आता."

पाटीपासून शंभर पावलांवर गाव सुरू होत होतं. पहिल्याच झाडाखाली एक न्हावी रिकाम्या खुर्चीमागे उभा राहून हवेत कात्री चालवत होता. हाताला सवय राहावी म्हणून असेल. झाडाला टेकून दोन बाक होते, एक गादीचा, एक बिनगादीचा. आम्ही उतरलो तसा तो पुढे आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"वाचता येतं का?" त्याने मला विचारलं.

हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारला होता. टपालात, दवाखान्यात, भरतीच्या रांगेत. प्रत्येक वेळी मी खाली बघितलं होतं. आज पहिल्यांदा छाती फुगवून म्हणालो, "येतं! आता येतं!"

न्हाव्याचा चेहरा पडला. त्याने बिनगादीच्या बाकाकडे बोट केलं. "मग तिकडे बसा." आणि गावाकडे तोंड करून ओरडला, "पाहुणे आलेत! ऐकत नाहीत त्यातले!"

"त्यातले म्हणजे कशातले?" मुलगा म्हणाला.

"इथं दोनच प्रकारची माणसं येतात," न्हावी समजावून सांगू लागला. "एक, ज्यांना पाटी वाचता येत नाही. ती गरीब असतात. त्यांना गादी. दुसरी, ज्यांना वाचता येतं पण ऐकत नाहीत. ती आगाऊ असतात. पाटीवर एवढं लिहिलंय तरी घुसतात म्हणजे काय? मी पहिल्यातला. बावीस वर्षांपूर्वी आलो. मला सगळे चुकला म्हणतात."

"मला फोनने सांगितलं रस्ता आहे म्हणून," मुलगा म्हणाला.

"फोनला वाचता येतं?"

"तसं नाही…"

"मग फोनला गादीवर ठेवा. तुम्ही इकडे."

सून इतकी हसली की तिलाही बिनगादीवर बसवण्यात आलं.

"इथं राहता कुठं तुम्ही?" मी विचारलं.

"मावशींच्या लॉजवर. तीन नंबरात. एका रात्रीपुरता उतरलो होतो, अजून निघायचाच आहे." चुकल्याने कात्रीने दाखवलं.

झाडापलीकडे लांब, ठेंगणी इमारत होती. ओळीने सहा दारं, दारांवर एक ते सहा आकडे. पुढे पडवी. पडवीत एक खुर्ची, तोंड रस्त्याकडे. खुर्चीत माझ्याच वयाची बाई, मांडीवर घडी घातलेली चादर. आमच्याकडेच बघत होती, पण आली नाही.

"मावशी उठायच्या नाहीत," चुकला म्हणाला. "पूर्वी गाडी दिसली की उठायच्या. रस्ता होणार म्हणून त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी ही लॉज बांधली. सहा खोल्या. रस्ता झाला आणि दुसऱ्या दिवशी कुणा नतद्रष्टाने ती पाटी लावली. यजमान वाट बघून बघून गेले. मावशी अजून दर सोमवारी सहाही खोल्यांच्या चादरी बदलतात. म्हणतात, पाटी लावणारा सापडला तर त्याला सोडणार नाही. काय करणार, ते दर वर्षी बदलतं. आधी त्याला पाटीला बांधणार होत्या. मध्यंतरी टकलू करायचं ठरलं होतं, त्याचं काम माझ्याकडे होतं. सध्याचं माहीत नाही."

मी डोक्यावरून हात फिरवला. तसंही फारसं उरलेलं नव्हतं.

"बाबा, गाडीत बसा," मुलगा कानात म्हणाला. "पाटी बघितली, गाव बघितलं. चला. सूर्यास्त…"

मी पिशवी उचलली आणि पडवीकडे चालू लागलो. दोन वर्षं मी मनात वाक्यं जुळवली होती. तिच्यासमोर उभा राहिलो आणि एकही आठवेना. मला, ज्याच्या लक्षात सगळं राहायचं!

"बाई," मी म्हणालो, "ती पाटी मी लावली."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मागे चुकल्याची कात्री थांबली.

"तुम्ही?"

"मी. चुकून. वरची खालची झाली." आणि मग हातगाडीपासून सुनेच्या वहीपर्यंत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"खड्डा किती खणलात?" तिने विचारलं.

"अडीच हात. खाली दगड ठासलेत."

"तरीच!" ती म्हणाली. "मी तीनदा उपटायला गेले. एकदा बैल लावला. बैल बसला, पाटी हलली नाही. काम मात्र चोख केलंत हो, मुडद्या."

"मावशी, गरम पाणी ठेवू का?" चुकल्याने आशेने विचारलं.

"तू गप." ती खुर्चीतून उठली आणि मला म्हणाली, "बसा."

"नको, मी उभाच…"

"बसा म्हणते ना! इथं बसा. माझ्या जागी."

मी बसलो. खुर्चीचे हात धरून धरून गुळगुळीत झाले होते. समोर शंभर पावलांवर पाटीची पाठ दिसत होती. ती माझ्या बाजूला चादर घेऊन उभी राहिली. सून पडवीच्या पायरीवर टेकली. मुलाने फोनमध्ये वेळ बघितली, मग खिशात ठेवला.

बऱ्याच वेळाने वळणावर एक लाल गाडी आली. टपावर सामान, मागच्या काचेतून बाहेर आलेले कुणाचे तरी पाय. पाटीपाशी थांबली.

"आता वाचतायत," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना बोलावं तसा. "आता नवरा म्हणेल, जाऊन तर बघू. आता बायको म्हणेल, नको. आता मागे घेतील."

गाडी मागे गेली, वळली, धूळ उडवत निघून गेली.

"बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो.

"बास. हेच करायचं होतं मला. तुम्हाला इथं बसवून एक दाखवायची होती."

माझ्याच्याने वर बघवेना. "मी आत्ता पुसतो ती," मी म्हणालो आणि पिशवी घेऊन निघालो.

पण तोवर बातमी गावात गेली होती. वीसेक माणसं पाटीभोवती येऊन उभी राहिली होती. मध्ये एक जाडजूड गृहस्थ होते, गावच्या समितीचे अध्यक्ष. ते दाढी अर्धवट करून आले होते, एक गाल साबणाने पांढरा.

"खबरदार, रंगाला हात लावाल तर!" अध्यक्ष म्हणाले. "ही गावाची पाटी आहे. दर दोन वर्षांनी आम्ही ती रंगवतो. या पाटीमुळे अडतीस वर्षांत इथं प्रचाराचा भोंगा आला नाही. मोजणीवाले आले नाहीत. घरोघरी मिक्सर विकणारे आले नाहीत!"

"माझ्याकडेही या चुकल्याखेरीज कुणी आलं नाही!" मावशी मागून ओरडली. "तुम्हाला शांतता मिळाली आणि मला पाच खोल्या शांतता!"

"मावशी, तुमच्यावर अन्याय झालाय, नाही कोण म्हणतंय? पण एकीसाठी सगळ्या गावाच्या डोक्यावर भोंगे…"

"तुम्ही जाऊन राहा महिनाभर तिच्या पडवीत, मग बोला!" ही माझी सून. पाहुणी असून मध्ये पडली. अध्यक्ष गडबडले, कारण या गावात बिनगादीवाल्यांना बोलायची परवानगी आहे की नाही हे कधी ठरलंच नव्हतं.

मग जो गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. निम्मे म्हणाले पुसा, निम्मे म्हणाले राहू द्या, आणि एक म्हातारा म्हणाला की दोन्ही पाट्या काढून त्यांच्या जागी आपल्या मुलीच्या लग्नाची जाहिरात लावा. मी मात्र पाटीसमोर उभा राहून माझंच काम बघत होतो. रंग त्यांनी छान राखला होता. अक्षरं माझीच. आणि अक्षरांच्या खाली चार बोटं जागा मोकळी होती.

"अध्यक्ष," मी म्हणालो, "आहे त्यातलं मी काही पुसत नाही. खाली एक ओळ लिहितो. खरी असेल तीच. चालेल?"

"काय ओळ?"

मी त्यांच्या कानात सांगितली. त्यांनी पांढरा गाल खाजवला. "भोंगेवाले याला भुलायचे नाहीत," ते म्हणाले. "मोजणीवाले भुलतील कदाचित. पण तेवढं सोसू."

मी डबा उघडला. मुलाने खाली वाकून डबा धरला, न सांगता. सून मागे उभी राहून ओठांनी अक्षरं जुळवत होती, माझा एखादा काना राहतो की काय या काळजीने. तेव्हा मी रेघा भरल्या होत्या, आज लिहीत होतो. फरक आहे.

"काय लिहिलंत?" मावशीने विचारलं.

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"येत असतं तर समोर जाऊन अक्षरांना शिव्या घातल्या असत्या, एवढी वर्षं पाटीच्या पाठीला कशाला घालत बसले असते?" ती फणकारली. "चुकल्या, काय लिहिलंय?"

"मावशी, मी गादीवाला."

"सांगतो मी," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्यावर माझा विश्वास नाही. आणि पाटीवाले, तुम्ही तर नकोच." आणि ती चादर झटकून तरातरा पडवीत गेली आणि खुर्चीत जाऊन बसली. "गाडी येईल तेव्हा बघू काय लिहिलंय ते!"

म्हणून सगळं गावच थांबलं. अध्यक्षांनी तिथंच उरलेला गाल चुकल्याकडून करून घेतला. मुलाच्या हॉटेलातला सूर्य कुठंतरी खाली जायला लागला असणार, पण त्याने फोन खिशातून काढला नाही. तो पडवीच्या खांबाला टेकून रस्त्याकडे बघत होता. त्या दिवशी एवढं टक लावून त्याने दरीकडेही बघितलं नव्हतं.

निळी गाडी आली. थांबली.

"वाचतायत," मावशी म्हणाली. मी तिच्या शेजारी उभा होतो. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते. "आता नवरा म्हणेल, जाऊन बघू. आता बायको म्हणेल…"

गाडी तशीच उभी. एक हात खिडकीबाहेर आला आणि पाटीकडे बोट करून पुन्हा आत गेला.

"आता मागे घेतील," मावशी म्हणाली. पण या खेपेला आवाज भाजी निवडण्यातला नव्हता.

गाडी पुढे आली.

मावशी उठली, खाली बसली, पुन्हा उठली. "अगं बाई! येतायत! अहो, दूध! दूध नाही घरात! चुकल्या, मेल्या, दूध! चादरी… चादरी सोमवारच्याच आहेत ना? अहो पाहुणे, असे उभे काय राहिलात, आधण ठेवा!" माझ्या मुलाला तिने दूध आणायला गावात पिटाळलं आणि तो धावला, पाच वाजून गेले होते तरी. सुनेने कप काढले. अडतीस वर्षं उपडे ठेवलेले कप, एकाला एक चिकटलेले. मी चुलीपाशी वाकलो.

झाडाखाली गाडीतून नवरा-बायको उतरले होते. चुकला सवयीने पुढे झाला. दाराच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"वाचता येतं का?"

"येतं की," बाई म्हणाली. "म्हणून तर आलो. 'पुढे रस्ता बंद आहे. चहा चालू आहे.' कुठं मिळेल हो चहा?"

चुकल्याने गादीच्या बाकाकडे बघितलं. बिनगादीच्या बाकाकडे बघितलं. अशी माणसं त्याने बावीस वर्षांत बघितली नव्हती आणि त्यांना कुठं बसवायचं ते त्याला कळेना. शेवटी त्याने आपली खुर्ची झटकली आणि दोघांत एकच पुढे केली.